गावातल्या २३ जणांना घेऊन मदतीचा अल्बम करायचाय, कुठून सुरुवात करू?

पंचगंगा_साऊंड

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबण लागंल, सांभाळून घ्या.

मी शिरोळ तालुक्यातला. साऊंडचा धंदा, लग्न, कीर्तन, गॅदरिंग, मिळंल ते. घरामागं कडबा ठेवायची खोली होती ती रिकामी करून गाद्या आणि अंड्याचे ट्रे लावून (हसू नका) स्टुडिओ केलाय. आमच्याकडं २०१९ च्या ऑगस्टात पाणी आलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच, मग २०२१ च्या जुलैत परत. दोन्ही वेळेला गावचं वाचनालय गेलं. पहिल्या खेपेला पुस्तकं शाळेच्या स्लॅबवर वाळत घातली होती, पानं उघडत नव्हती, विटा झाल्या होत्या नुसत्या. दुसऱ्या खेपेला कुणी वाळवायच्या भानगडीतच पडलं नाही, ट्रॉलीत भरून नेली. आता असं ठरलंय की वाचनालय शाळेच्या माडीवर न्यायचं. खोली आहे, पण जिना, कपाटं, लाईट, पुस्तकं धरून चारेक लाख लागतील.

तर डोक्यात आलं की गावातल्या आणि आसपासच्या वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांना गोळा करून एक अल्बम करायचा. आठ गाणी. दोन भजनी मंडळं आहेत, चार जणांचा हलगीचा ताफा, एक सनईवाले आजोबा, मिरजेला शास्त्रीय शिकायला जाणारी एक मुलगी, शाळेतले कीबोर्डवाले सर, रॅप करणारं एक कॉलेजचं पोरगं, आणि माझी चुलत आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते ती. एकूण २३. सगळे फुकट करायला तयार आहेत, चांगल्या कामासाठी आहे म्हणल्यावर कोण नाही म्हणतंय. खर्च फक्त मिक्सिंग-मास्टरिंगचा (ते पुण्यात करून घेणार), कव्हर छपाईचा आणि जेवणाचा.

माझ्याकडं आठ इनपुटचा इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायचा डबा), दोन कंडेन्सर (बारीक आवाज पकडणारे माईक), तीन शुअर ५७ (दणकट माईक), बाकी स्टेजचे माईक. प्रश्न असे की भजन देवळाच्या सभामंडपात एकत्र बसवून लाईव्ह घेऊ का एकेकाला खोलीत बोलवून डब करू? हलगी आणि टाळ सगळ्या माईकात शिरतात त्याचं काय करायचं? दोन मंडळांच्या पेट्या एकमेकीला लागत नाहीत, दोघंही म्हणतात आमचीच बरोबर. आणि शेवटी हे विकायचं कुठं, म्हणजे पैसे येतील असं?

खडूस_काका

अल्बम आजकाल कोण विकत घेतंय? २३ जणांनी प्रत्येकी पाचशे काढा, गावातल्या दोन-तीन कारखान्याच्या संचालकांना गाठा, महिन्यात चार लाख होतील. रेकॉर्डिंगची हौस असेल तर हौस म्हणा, मदतीचं नाव कशाला.

फेडर_खाली

काका कायम असेच, लक्ष देऊ नका. मी पुण्यात डबिंग-मिक्सिंग करतो, लोकसंगीताची बरीच कामं केलीत, म्हणून लिहितो.

आधी ते अंड्याचे ट्रे काढा. त्यांनी काही होत नाही, आवाज अडत नाही आणि फारसा शोषलाही जात नाही, जो काही फरक पडलाय तो गाद्यांचा.

भजन लाईव्हच घ्या. एकेकाला खोलीत बसवून क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यावर) भजन म्हणायला लावलं की ते भजन राहत नाही, शाळेतली प्रार्थना होते. भजनाची लय चढते, ती चढायलाच पाहिजे, शेवटच्या चरणाला टाळकरी जागेवर उभे राहिले नाहीत तर काय मजा. म्हणून क्लिक नकोच. मी असं करतो, पखवाज, पेटी आणि मुख्य गायक एवढे तिघं मिळून एक चांगला टेक घेतो, बाकीचे त्यावर. पखवाजाला दोन माईक, धुमाच्या (डाव्या, खर्जाच्या) बाजूला कंडेन्सर देऊ नका, ५७ लावा आणि कणीक ताजी लावायला सांगा, तासाभरात वाळते आणि मग धुमाचा आवाज टणटण लागतो, मिक्सिंगला कुणाच्याही बापाला तो परत आणता येत नाही. टाळ बारा जोड्या आल्या तरी दोनच जोड्या घ्या, तेही माईकपासून सहा-सात फूट लांब आणि माईकच्या पाठीमागे. लेव्हल उणे बारा डेसिबलपर्यंतच ठेवा, २४ बिटला घेताय ना, मग वर ढकलायची गरज नाही.

पेट्यांचं भांडण सोपं आहे. मोबाईलवर ट्यूनर (सूर मोजायचं ॲप) घ्या आणि दोन्हीचा काळी एक तपासा. बहुतेक दोन्हीही ४४० हर्ट्झच्या प्रमाण ट्यूनिंगला नसणार, एखादी ४४४-४४५ निघेल. कुणालाच चूक ठरवू नका. जी मंडळी ज्या गाण्यात आहेत त्यांचीच पेटी त्या गाण्याचा मालक. पेटीचे सूर घासल्याशिवाय हलत नाहीत, कीबोर्डची मास्टर ट्यूनिंग एका बटणाने हलते, तेव्हा सरांना सांगा तुम्ही ४४४ वर या. चारच हर्ट्झ म्हणून सोडून देऊ नका, सोळाएक सेंटचा (शंभर सेंट म्हणजे एक पट्टी) फरक पडतो, कानाला बोचतो. सनईला तर पर्याय नाही, ती ज्या पट्टीत आहे त्या पट्टीत गाणं न्यायचं.

हलगी मात्र आत घेऊ नका. सभामंडप दगडी असणार, फार घुमेल, सगळ्या माईकांची वाट लागेल. देवळाबाहेर अंगणात उभी करा किंवा नंतर वेगळी डब करा.

जमाखर्च

सूर-ताल तुम्ही बघा, मी पैशाचं बोलतो. तीस वर्षं हिशेबतपासणीत गेली त्यामुळे हाच रोग आहे.

पैसे कुणाच्या खात्यात येणार ते तुम्ही लिहिलंच नाहीत. तुमच्या वैयक्तिक फोनवर क्यूआर लावून घेणार असाल तर आत्ताच थांबा. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या कुणालाही धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, गणपती मंडळं दरवर्षी वर्गणीसाठी ४१ क ची परवानगी काढतात ती हीच. पण तुम्हाला त्याची गरज पडू नये, कारण वाचनालय शासनमान्य असेल, ड वर्ग (सगळ्यात खालची श्रेणी) का होईना, तर ती संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असणारच. प्रमाणपत्र कार्यालयात फ्रेम करून लावलेलं असेल. पुरात गेलं असेल तर दुय्यम प्रत काढा, बँकेचं खातं चालू आहे का बघा, लेखापरीक्षण राहिलं असेल तर आधी ते. सगळी विक्री, सगळ्या देणग्या थेट त्या खात्यात.

संस्थेकडे आयकराचं ८०जी प्रमाणपत्र असेल तर देणगीदाराला करात सवलत मिळते, पण तीही जुन्या कररचनेत, आणि रोख दोन हजारांवर नाही. आणि एक लक्षात ठेवा, अल्बम विकत घेणं ही देणगी नव्हे, वस्तू घेतली की ती खरेदी झाली. दोन पावतीपुस्तकं ठेवा.

हे एवढं का सांगतो? १९७१ च्या १ ऑगस्टला न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी एका दिवसात दोन कार्यक्रम केले, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ साथीला होते. तिकिटांचे जवळजवळ अडीच लाख डॉलर काही दिवसात युनिसेफकडे पोचले. पण नंतर जो अल्बम आणि सिनेमा आला त्याचा पैसा कित्येक वर्षं अमेरिकेच्या आयकर खात्यात अडकून पडला, कारण करमाफीची नोंदणी आधी करायची राहिली होती. एवढी मोठी माणसं, आणि गाडी अडली एका अर्जावर. तेव्हा माईक नंतर.

पंचगंगा_साऊंड

बाप रे, जमाखर्च काका, एकदम डोळे उघडलेत. वाचनालय ड वर्गच आहे, ग्रंथपालांना विचारलं, प्रमाणपत्र पुरात गेलंय पण झेरॉक्स सरपंचांच्या घरी आहे. आणि खरं सांगतो मी माझ्याच फोनचा क्यूआर कव्हरवर छापणार होतो.

खडूस काका, वर्गणी काढून झालीय हो. ५२ हजारावर गाडी अडलीय. संचालकांचं तर काय विचारू नका.

गाण्यांचं पण विचारायचं राहिलं. शिकणाऱ्या मुलीला गदिमांचं एक गाणं म्हणायचंय, सगळ्यांना पाठ असलेलं. चालंल का?

जमाखर्च

माडगूळकर १९७७ ला गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०३७ संपेपर्यंत शब्द त्यांच्या वारसांचे, आणि चाल वेगळ्या माणसाची असेल तर तिचा हिशेब वेगळा. कव्हरचं, म्हणजे जुनं गाणं नव्याने रेकॉर्ड करण्याचं, एक कलम आहे, ३१ सी, पण त्यात किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी मोजावी लागते, तुमचा अख्खा जिना त्यात जाईल. तुकोबा, नामदेव, एकनाथ घ्या, शब्द कुणाच्या बापाचे नाहीत, फक्त कुणाच्या गाजलेल्या रेकॉर्डची चाल उचलू नका, ती चाल त्या संगीतकाराची आहे. बहिणाबाई पण घेता येतील, त्या १९५१ ला गेल्या, कविता पुढच्या वर्षी छापून आल्या, दोन्हीकडून मोजलं तरी साठ वर्षं होऊन गेली. चाल मात्र तुमची बांधा.

रॅपवाल्या मुलाने शब्द स्वतः लिहिलेत ना? त्याच्याकडून "रॉयल्टी सोडली" असं लिहून घेऊ नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा असा सोडताच येत नाही, लिहून घेतलं तरी ते बाद. त्याला मिळू दे, मग त्याने पाहिजे तर द्यावी.

हलगीवाल्याचा_पोरगा

सगळं वाचलं. चांगलं काम आहे, वाचनालयासाठी आहे म्हणून जरा बोलतो, नाहीतर गप्प बसलो असतो.

माझे वडील हलगी वाजवायचे. कुस्तीच्या मैदानात, जत्रंत, वरातीत. "चांगल्या कामासाठी आहे" हे वाक्य आमच्या घरात महिन्यातून एकदा तरी यायचं. कुणाच्या शाळेचं उद्घाटन, कुणाचा सत्कार, कुठं रक्तदान. दिवसभर वाजवून यायचे आणि पिशवीत एक नारळ आणि टॉवेल टोपी. आई टॉवेल मोजून ट्रंकेत ठेवायची, माझ्या लग्नात आहेर म्हणून तेच फिरवले. नारळ तेवढे आम्ही खाल्ले.

आता तुमचा खर्चाचा हिशेब बघा. पुण्याच्या मिक्सिंगवाल्याला पैसे, छपाईवाल्याला पैसे, आचाऱ्याला पैसे, आणि हलगीवाल्याला पुण्य. २३ जणांत शाळेचे सर पगारी आहेत, भजनी मंडळातले शेतकरी आहेत, बागायतदार पण असतील, त्यांनी एक दिवस दिला तर दिला. हलगीच्या चौघांचा तो धंदा आहे. त्यांनी एक दिवस फुकट वाजवलं म्हणजे ते एक सुपारी सोडून आलेत. मग ह्या अल्बममध्ये सगळ्यात जास्त देणगी कुणी दिली? "तयार आहेत" म्हणता, पण गावात राहून ते नाही म्हणू शकतात का हे पण विचारा स्वतःला.

आणि दुसरं. वर कुणी तरी लिहिलंय हलगी देवळाबाहेर उभी करा. माझा बाप आयुष्यभर देवळाच्या पायरीखाली उभा राहून वाजवला. तेव्हा त्याला पण आवाजाचं कारण नव्हतं सांगितलं कुणी.

फेडर_खाली

भाऊ, मी लिहिलं ते फक्त आवाजापुरतं होतं, पण तुमचं वाचल्यावर माझं मलाच परत वाचवेना. माफ करा.

पंचगंगा, माझा सल्ला बदलतो, आणि हा नुसता भावनेचा बदल नाही, रेकॉर्डिंगच्या दृष्टीने पण हा बरा आहे, आधी सुचायला पाहिजे होता. हलगी सगळ्यात आधी घ्या. सभामंडपाच्या मधोमध चौघांना उभं करा, समोर सहा फुटांवर दोन कंडेन्सर, जवळून काही नाही, ५७ फक्त घुमक्यावर (हलगीच्या जोडीचं खर्जाचं वाद्य). तो दगडी घुमारा ज्याला मी वैतागलो होतो तोच हलगीला शोभेल. बाकीचे नंतर हेडफोन लावून तिच्यावर येतील. तिने लय ठरवायची, बाकीच्यांनी सांभाळायची. एवढंच की पावसाळी हवा असेल तर चामडं उतरतं, शेकायला जागा आणि वेळ ठेवा, प्रत्येक टेकच्या आधी.

आणि मिक्सिंगचे पैसे हा विषय माझ्याही अंगावर आलाच. ज्याला काम दिलंय त्याला विचारा किती कमी करतो. त्याने नाही म्हटलं तर दोन गाणी मी करून देतो, फुकट, माझा महिन्याचा हप्ता त्यावर अवलंबून नाही.

पांढरी_चार

मी रत्नागिरीची. २०२१ ला चिपळूणला पाणी आलं तेव्हा आमच्या महिला भजनी मंडळाने चार गाण्यांचा असाच उद्योग केला होता. तेव्हा चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही पाण्याखाली गेलं होतं, २००५ नंतर दुसऱ्यांदा, त्यामुळे तुमच्या पुस्तकांच्या विटा म्हणजे काय ते मला डोळ्यापुढे दिसलं. वाळवायला घेतलं तरी बुरशीचा वास जात नाही.

आमच्या चुका सांगते, म्हणजे तुमच्या तरी होणार नाहीत. लॉकडाऊनच्या सवयीने आम्ही प्रत्येकीने घरी फोनवर गायलं आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं. पहिलं म्हणजे व्हॉट्सॲप आवाज दाबून टाकतं, पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून. दुसरं, कुणाच्या फोनचा सॅम्पल रेट (आवाज नोंदवायचा वेग) ४४.१ वर, कुणाचा ४८ वर, ज्या मुलाने जोडलं त्याने तपासलं नाही, आणि आमच्या एक वहिनी आहेत छान भारदस्त आवाजाच्या, त्या मुंजीतल्या बटूसारख्या ऐकू यायला लागल्या, सगळं दीड पट्टी वर. वहिनी अजून त्या मुलाशी बोलत नाहीत.

पण मनाला लागलं ते वेगळंच. गाणं जेव्हा सगळीकडे चढलं तेव्हा नाव एकाच गायिकेचं आणि खाली "व साथीदार". आम्ही अकरा जणी साथीदार. माझ्या आईने नातेवाईकांना लिंक पाठवली आणि सगळ्यांनी विचारलं यात तुझी मुलगी कुठे? तर नावं आत्ताच लिहून घ्या, प्रत्येकाकडून, त्याला स्वतःला जसं लिहायचंय तसं. आणि वाजवणाऱ्याचाही हक्क असतो कायद्यात, तेव्हा रेकॉर्डिंग कशासाठी वापरणार, पैसे कुठे जाणार, असा अर्ध्या पानाचा मराठी कागद करून प्रत्येकाची सही घ्या, एक प्रत त्यांना द्या.

पैशाचं म्हणाल तर वर्षभरात सगळ्या ॲपवरून मिळून आले ३१७ रुपये. ३१७. तेही डिस्ट्रिब्युटरच्या (गाणं सगळ्या ॲपवर चढवणाऱ्या कंपनीच्या) किमान रकमेपर्यंत पोचले नाहीत म्हणून अजून तिथेच आहेत. प्रकाशनाचा कार्यक्रम केला, सगळ्यांनी समोर बसून गायलं, चहा-वडा ठेवला, त्या एका संध्याकाळी ६८ हजार. अल्बम हे निमंत्रण समजा, पैसे कार्यक्रमात येतात. आणि डिस्ट्रिब्युटरकडे टाकताना यूट्यूबचं कंटेंट आयडी (आपलं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत आपोआप ओळखणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर तुमच्याच हलगीवाल्यांनी स्वतःचा व्हिडिओ टाकला की त्यांच्यावरच दावा येईल.

जर्सीकर

मूळचा कुरुंदवाडचा, सध्या न्यू जर्सी. इथे आमच्या मराठी मंडळात वीस-पंचवीस घरं तरी घेतील. प्रत्येकी ५० डॉलर गोळा करून मी वाचनालयाच्या खात्यात पाठवू का?

जमाखर्च

नको! हे बरं विचारलंत. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी आपापल्या बँकेतून स्वतः पाठवलं तर चालतं, ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, त्यांचा पैसा एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला घेता येत नाही. ड वर्ग वाचनालयाकडे ती नोंदणी कुठून असणार. तुम्ही सगळ्यांचं एकत्र करून पाठवलंत तर कुणाचं कुठलं ते कळणारच नाही आणि ग्रंथपालाच्या गळ्याशी येईल.

जर्सीकर

माझा पासपोर्ट भारतीयच आहे अजून, बायकोचा बदललाय. म्हणजे ह्या घरात वाचनालयाला मदत मीच करू शकतो, चला, एक तरी गोष्ट मला करता येते.

खडूस_काका

हलगीवाल्याच्या पोराचं पटलं. पण मग असं करा, सगळ्यांना पाकीट द्या आणि दाराशी दानपेटी ठेवा, ज्याला टाकायचं तो टाकेल.

हलगीवाल्याचा_पोरगा

काका, पाटलानं पेटीत पाकीट टाकलेलं बघून मागचा माणूस काय खिशात घालून जाणार होय? पेटी नको. पैसे सरळ फोनवर पाठवा, कुणी कुणाला किती ते दिसू नये. द्यायचं असंल तर तो आपला आपण नंतर वाचनालयात जाऊन पावती फाडंल.

पंचगंगा_साऊंड

दीड महिन्यानं लिहितोय, उशीर झाला, भात लावणी मध्ये आली.

तुमचं वाचून दोन रात्री झोप लागली नाही हे खरं आहे. मिक्सिंगवाल्याला फोन लावला, त्यानं निम्मे केले. कव्हर छापायचं रद्द केलं, शाळेतल्या पोरांकडनं चित्र काढून घेतलं. त्यातनं जे वाचलं ते आणि वर्गणीतलं थोडं (ग्रंथालयाच्या मीटिंगमध्ये ठराव करून, जमाखर्च काका) असं धरून हलगीचे चौघं, सनईवाले आजोबा आणि शिकणारी मुलगी यांना त्यांच्या नेहमीच्या सुपारीएवढं मानधन दिलं. आजोबांकडं साधा फोन, त्यांना रोख दिले, त्यांनी मोजले, परत मोजले, आणि म्हणले रेडिओनंतर पहिल्यांदाच कुणी सनईचे दिलेत, लग्नात तर आता स्पीकर लावतात.

भजनी मंडळं ऐकेनात. भजनाचे पैसे घेत नाही म्हणजे नाही, पाप लागतं म्हणले. वर एकानं मला बाजूला घेऊन विचारलं की हलगीला दिलेस मग ती सेवा कशी झाली. मी म्हणलं ती सेवा नाहीच, ते काम आहे. तो बराच वेळ बोलला नाही. मग दोन्ही मंडळांच्या पखवाजांना नवीन पुड्या घालून आणल्या मिरजेहून, ते त्यांनी घेतलं.

देवळाचं पण सांगतो. ट्रस्टींना मी विचारलं नाही, सांगितलं, की हलगी मध्ये उभी राहणार, माईक तिथंच बसतोय. तांत्रिक कारण दिलं की कुणी वाद घालत नाही हे धंद्यात शिकलोय. हवेत ओल होती, चामडं सारखं उतरायचं. सभामंडपात जाळ कसा करायचा, मग पायऱ्यांवर वर्तमानपत्राच्या सुरळ्या पेटवून चौघं हलग्या शेकायचे, टण् आवाज आला की पळत आत, टेक घ्यायचा, तीन-चार मिनिटात परत बाहेर. सातव्या टेकला लाईट गेली. इंटरफेस बंद. पण लॅपटॉपच्या बॅटरीमुळं तोवरचं वाचलं, आणि लाईट गेलेली कळलीच नाही त्या चौघांना, ते वाजवतच होते अंधारात, अकरा मिनिटं वाजवलं. तो टेक माझ्या फोनवर आहे फक्त. फेडर भाऊंना पाठवलाय, डॉक्युमेंट म्हणून.

फेडर_खाली

ऐकला. फोनचा आहे, खाली बास नाही, मध्ये कुत्रं भुंकतंय. ठेवा. साफ करून देतो, कुत्र्याला हात लावत नाही.

पांढरी_चार

आणि आजी? ओव्यांचं काय झालं?

पंचगंगा_साऊंड

आजी खोलीत येईना. म्हणली जातं नाही तर ओवी कशी सुचंल, नुसतं बसून म्हणायला मी काय रेडिओ आहे. मग तिच्या स्वयंपाकघरात एक कंडेन्सर लावला, तिनं खरोखर शेरभर जोंधळे दळले. जात्याची घरघर आवाजापेक्षा मोठी आलीय. कमी करू का विचारलं तर फेडर भाऊ नको म्हणले.

नावांचा कागद केला, २३ जणांच्या सह्या (तीन अंगठे). हलगीच्या चौघांनी आडनावासकट पूर्ण नावं घाला म्हणून सांगितलं. एक टाळकरी उलटा म्हणतोय माझं नको, मंडळाचं घाला, ते एक अजून मिटलेलं नाही.

खडूस_काका

सीडी आहे का? ॲप-बिप मला जमत नाही.

पंचगंगा_साऊंड

सीडी नाही, पेनड्राईव्ह आहे. दोनशे रुपये, वाचनालयाची खरेदीची पावती मिळंल, ८०जी वाली नव्हे. प्रकाशन शाळेच्या पटांगणात, तारीख ठरली की टाकतो. काका, पहिल्यांदा लावताना आवाज जरा कमी ठेवा, पहिलं हलगीचंच आहे.